ह्यो वाटा कोनाचा?

पनवेलच्या मच्छी मार्केटात शिरलं की दाराजवळच्याच ओट्यावर सोनाबाई बसते. मी एस.टी. डेपोत मेकॅनिक म्हणून लागलो तेव्हा ती तिथं बसत होती, आणि आता माझी नातवंडं कॉलेजात जायला लागली तरी तिथंच आहे. मधल्या काळात मार्केटचं छप्पर बदललं, फरशी बदलली, गिऱ्हाईकं पिशवी विसरून मोबाईल तेवढा घेऊन यायला लागली. सोनाबाईचा ओटा आणि सोनाबाईचा वाटा मात्र जागच्या जागी.

वाटा म्हणजे काय ते हल्लीच्या मुलांना सांगावं लागतं. मांदेली, कोलंबी, बोंबील अशी बारीक मासळी सोनाबाई तराजूत घालत नाही. हातानं ढीग लावते. एक ढीग म्हणजे एक वाटा. दहा वाटे लावले तर दहाही सारखे. आमच्या बिल्डिंगमधला चारुदत्त बँकेतून रिटायर झालेला, हिशेबी माणूस. एकदा दोन वाट्यांसमोर उभा राहून हा घेऊ की तो घेऊ, असा इतका वेळ विचार करत बसला की खालून मांजर आलं आणि एका वाट्यातली मांदेली घेऊन पसार झालं. सोनाबाई म्हणाली, "बगा साहेब, मांजराला बी कललं दोनी सारकं हायत म्हनून. त्यानं नाय इतका येल लावला." चारुदत्त अजून त्या मांजराच्या नावानं बोटं मोडतो.

हे वाटे ती शिकली बापाच्या होडीवर. उरणच्या खाडीकाठची ती. होडी किनाऱ्याला लागली की मासळीचे वाटे पडायचे. होडीचा एक, जाळ्याचा एक, आणि जितके खलाशी तितके त्यांचे. भांडण नको म्हणून एक जण पाठ फिरवून उभा राहायचा. दुसरा एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारायचा, "ह्यो वाटा कोनाचा?" पाठमोरा ज्याचं नाव घेईल, वाटा त्याचा. बघितलंच नाही तर लबाडी कुठून करणार?

आता लबाडी होतच नव्हती असं नाही. माझ्या गावी, नेऱ्यालाही पावसाळ्यात ओढ्याचे मासे धरले की असेच वाटे व्हायचे. माझा धाकटा काका पाठमोरा उभा राहायचा आणि त्याचा दोस्त बोट ठेवायचा. दोस्ताला मोठ्या वाट्याशीच नेमका खोकला यायचा. गावाला हे कळायला बरीच वर्षं लागली, कारण त्या दोस्ताला खरोखरच दमा होता. हे मी उगाच सांगत नाही, पुढं त्याचं काम आहे.

सोनाबाईचा नवरा दयाराम. कोळ्याचा मुलगा असून समुद्रावर गेला नाही, तळोज्याच्या एका कारखान्यात बॉयलरवर लागला. उंच, वाळका, आणि बोलायला इतका कंजूष की लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा पाव्हणे जेवून उठले म्हणतात. सोनाबाई दोघांचं बोलते. नोकरीत असताना त्याच्या पगारातून दर महिन्याला ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे पैसे कापले जायचे आणि दोघांनाही त्या दवाखान्यातून औषध मिळायचं. दोघांनाही रक्तदाब. गोळीही एकच, पांढरी, लहानशी. "जोडीनं लगीन केला, जोडीनं पेशर आला," असं सोनाबाई सगळ्यांना हसत हसत सांगायची.

दयाराम रिटायर झाला आणि त्यानं ईएसआयचं कार्ड ट्रंकेत ठेवून दिलं. कुणी परत मागितलं नव्हतं, कुणी बंद झालं म्हणून सांगितलंही नव्हतं. दोघांनी आपणच ठरवलं. होडीवरून उतरला त्याचा वाटा बंद, हे दोघांच्याही अंगात लहानपणापासून मुरलेलं. कारखाना सुटला, म्हणजे होडी सुटली. मग कुठल्या तोंडानं जाऊन मागायचं?

तेव्हापासून गोळ्या यासीनभाईच्या मेडिकलमधून. यासीनभाईचं दुकान मार्केटच्या रस्त्यावरच, बापाच्या वेळेपासूनचं. सुरुवातीची वर्षं निभावलं. पुढं दयारामला खाजगी डॉक्टरनं जास्तीच्या गोळ्या लिहून दिल्या, सोनाबाईचे गुडघे बोलायला लागले, करंजा बंदराहून येणारी मासळी महागली. तरी त्याबद्दल ती कधी रडली नाही. मासळी महागली की वाटा लहान लावायचा, एवढं तिला ठाऊक.

मग ते सत्तरी ओलांडलेल्यांचं कार्ड आलं, पाच लाखांच्या उपचाराचं. आमच्या म्हाताऱ्यांत केवढा आनंद! मीही काढलं, फोटोत मी चोरासारखा दिसतो. सोनाबाई खरी अजून सत्तरीची नव्हती, पण आधारवर कुणीतरी अंदाजानं साल टाकलं होतं, त्यानं तिला दोन वर्षं आधीच म्हातारी केलं. कार्ड हातात पडलं तशी ती टोपली तिथंच टाकून यासीनभाईकडं गेली. मी पोटाचं चूर्ण घ्यायला तिथंच उभा होतो.

"यासीनभाई, दे आता गोल्या. दोगांच्या. तीन मयन्याच्या दे."

यासीनभाईनं कार्ड उलटसुलट बघितलं. "मावशी, यावर माझ्याकडून दवा नाय मिळत."

"का? खोटा हाय?"

"तोबा, खोटं कशाला असेल! हे अस्पतालात भरती झालात तर. ऑपरेशन असेल, खाट लागली तर. तिथली दवा, घरी सोडल्यावर थोडे दिवसांची दवा, सगळं त्यात. पण रोजची गोळी दुकानातून यावर नाय येत."

"पाच लाख देतान, आन ही येवडीशी गोली नाय देत?"

"मी काय करू, मावशी? गुस्सा नका करू, पेशर वाढंल."

"वाडू दे! वाडला की भरती व्हईन, मग देशील ना?"

दुकानातली सगळी हसली. यासीनभाईही हसला. "मावशी, तुमच्या तोंडाला कोण लागणार," म्हणाला आणि जनऔषधी दुकानाचा रस्ता सांगायला लागला, तिथं तीच दवा दुसऱ्या नावानं स्वस्त मिळते म्हणून. स्वतःचं गिऱ्हाईक दुसरीकडं पाठवणारा दुकानदार मी तरी दुसरा बघितला नाही. पण सोनाबाईचं लक्ष नव्हतं. कार्ड तिनं कमरेला खोचलं आणि ताडताड निघून गेली. मीही हसलो होतो. ती हसली नव्हती, हे मला बऱ्याच उशिरा आठवलं.

त्यानंतर काही महिन्यांनी, थंडीतल्या एका सकाळी मी मांदेली घ्यायला गेलो. ओट्यावर वाटे लावलेले होते. मी नेहमीसारखा न बघताच एकाकडं बोट दाखवणार, तर हात थांबला. एक वाटा दुसऱ्याच्या दीडपट होता. तिसरा अगदीच बारका. लहान मुलानं भातुकलीत मांडावेत तसे.

"सोनाबाई, आज काय मांजरानं लावले का वाटे?"

तिनं वर बघितलं. डोळे जरा भलतीकडंच. "का वो भाऊ? बराबर तं हायत."

शेजारच्या ओट्यावरची किशोरी, तिच्या नणंदेची सून, मला डोळ्यानं खुणावत होती. हळूच म्हणाली, "काल बी असंच. गिऱ्हाईक बोललं तं त्याच्यावरच ओरडली. डोकं दुकतंय म्हनतं सकालपासून."

मी सोनाबाईला म्हटलं, चल दवाखान्यात. ती म्हणे मासळी कोण विकणार. किशोरी म्हणाली मी विकते. ती म्हणे तू वाटे मोठे लावशील. शेवटी किशोरीनं तिच्या हातातली मांदेली काढून घेतली आणि सरळ सांगितलं, "मामी, आज तुज्यापरीस मी बरं लावतं. उठ."

हे मात्र सोनाबाईला लागलं. ती उठली.

जाताना रिक्षा कोळीवाड्याकडून घेतली आणि दयारामलाही बरोबर घेतलं. सरकारी दवाखान्यात प्रांजल नावाच्या तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, पुन्हा बांधला. वरचा आकडा दोनशेच्या पलीकडं. लगेच कॉटवर आडवं करून औषध दिलं, हातपाय हलवून बघितले, बोलायला लावलं.

"आजी, वेळेत आलात. अजून थोडं थांबला असतात तर हात तरी गेला असता नाहीतर वाचा."

"वाचा गेली असती तं ह्यांना बरा झाला असता," सोनाबाई पडल्या पडल्या म्हणाली. पण हात ऐकून तिनं मूठ झाकून घेतली, हे मी बघितलं. हात गेला तर वाटा कोण लावणार?

"गोळी रोज घेता?"

"रोज घेते."

"रोज?"

"एक दिसाआड रोज."

डॉक्टरीणबाईंनी दयारामकडं बघितलं. आणि तो कधी न बोलणारा दयाराम बोलायला लागला. म्हणजे बॉयलरची वाफ सुटावी तसाच.

यासीनभाईच्या दुकानातून कार्ड परत आलं त्या आठवड्यापासून दोघांनी गोळ्या एकाच पाकिटात भागवायला घेतल्या होत्या. पाकीट एक, खाणारे दोघं. मग काय करायचं? कोळ्यांना जे माहीत तेच. दर रविवारी सोनाबाई पाटावर गोळ्या काढायची आणि दोन वाटे लावायची. दयाराम भिंतीकडं तोंड करून बसायचा. "ह्यो वाटा कोनाचा?"

"मग सारखे वाटे व्हायचे ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्यांना हसूही येत होतं.

"कुठलं सारकं! ती एक वाटा मोटा लावतं. माजं काळीज कमजोर म्हनून मला मोटा जावा, असा तिच्या मनात. पन मोट्या वाट्याशी बोट ठेवला की तिचा आवाज बारीक व्हतो. इतकी वर्सं ऐकलाय मी, मला कलतं. आवाज बारीक आला की मी म्हनतो, तुजा."

सोनाबाई कॉटवर उठून बसली. "म्हंजे तुमाला ठाव होता?"

"व्हय."

"आन मी येडी, दर आयतवारी माजी ती जास्तीची गोली तुमच्या डब्यात परत टाकत होती, तुमाला कलनार नाय म्हनून!"

"तरीच," दयाराम म्हणाला. "मी म्हनलं माज्या डब्यात गोल्या संपत कश्या नाय. म मी त्या तुज्या डब्यात टाकत होतो."

मला माझ्या काकाचा खोकणारा दोस्त आठवला. तिथं मोठा वाटा आपल्याकडं ओढायला लबाडी चालायची, इथं तो समोरच्यावर ढकलायला चालली होती. गोळी या डब्यातून त्या डब्यात फिरत होती, पोटात मात्र कुणाच्याच पुरती जात नव्हती.

डॉक्टरीणबाईंचं हसू तोवर गेलं होतं. त्यांनी पट्टा सोडला आणि दयारामच्या दंडाला बांधला. त्याचाही आकडा चढलेला.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "मासळीचा वाटा लहान झाला तर माणूस अर्धपोटी राहतो. गोळीचा अर्धा वाटा दोघांनी खाल्ला तर दोघंही जाता. यात वाटा नसतो. एकाची पूर्ण, आणि दुसऱ्याची पूर्ण."

सोनाबाईनं कमरेचं कार्ड काढलं. "मंग ह्या कार्डाचा काय उपेग?"

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढून घेतली. मला त्या मुलीचं कौतुक वाटलं, बाहेर रांग लागलेली असताना तिनं खुर्ची ओढली. म्हणाल्या, हे कार्ड कामाचंच आहे, आज तुम्हाला मोठा झटका आला असता तर यानंच खाटेचा, तपासण्यांचा, औषधांचा भार उचलला असता. पण ते भरती झालेल्यांसाठी. रोजच्या गोळीची सोय निराळी. या दवाखान्यात रक्तदाबाची गोळी फुकट मिळते, नाव लिहून दर महिन्याला न्यायची. इथं नसेल ते जनऔषधीत बघायचं, डॉक्टरांना विचारून.

सोनाबाईनं कार्ड दोन्ही हातांनी उजेडात धरलं. मग म्हणाली, "म्हंजे ही मोट्या डोल्याची जाळी. घोल, जिताडा असा मोटा मासा लागंल. बारका जवला यात ऱ्हायचा नाय. जवल्याला बारीक जाळी लागते."

"अगदी बरोबर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मंग त्या यासीनला असा सांगता नाय आला? मी उगीच त्याला बोलले."

माझ्या मुलाची, मिथुनची, कंपनीची महागडी पॉलिसी आहे, तीही मोठ्या डोळ्याचीच जाळी निघाली. त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं. त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं म्हणा.

वाटलं, झालं. खिडकीवरून गोळ्या घ्यायच्या आणि घरी जायचं. तर सोनाबाई खिडकीपाशी अडली. दयारामच्या गोळ्या घेतल्या, स्वतःच्या घेईना. मागं नेरेकडच्या डोंगरातली एक कातकरीण उभी होती, कडेवर पोर.

"मी ओट्यावर बसून धंदा करतं," सोनाबाई मला हळूच म्हणाली. "ही बिचारी डोंगरावरनं चालत आली. ह्यो वाटा तिचा. मी उचलला आन तिला कमी पडला तं?"

"अगं, कमी नाही पडत, भरपूर आहेत."

"तुमी मोजून आलाव?"

आता हिला काय सांगायचं! ज्या बाईनं उभ्या जन्मात दुसऱ्याच्या वाट्याला बोट लावलं नाही तिला फुकट या शब्दाचा आनंदच होत नव्हता. डॉक्टरीणबाई आतून बाहेर आल्या, रागावल्या, महिन्याच्या गोळ्या तिच्या हातात कोंबल्या. तिनं घेतल्या, पण चोरी केल्यासारखं तोंड करून. मला भीती वाटली, ही पुढच्या महिन्याला यायची नाही. सकाळची रांग म्हणजे ऐन विक्रीची वेळ, आणि मनातून लाज. पुन्हा पाट, पुन्हा दोन वाटे, आणि या वेळी हात जाणार.

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी जाता जाता विचारलं, "आजोबा कुठं होते नोकरीला?"

"तलोज्याला. कारखान्यात."

"ईएसआय कापायचे?"

"कापायचे. शेवटपरेंत."

"मग रिटायर झाल्यावर पुढं का नाही चालू ठेवलं? पाच वर्षांच्या वर विमा असून निवृत्त झालेल्याला मिळतं ते. वर्षाला नावापुरते पैसे भरायचे. नवरा-बायको दोघांनाही. रोजची औषधं धरून."

सोनाबाईनं विचारलं, "कारखाना सुटला तरी?"

"सुटला तरी."

"होडीवरनं उतरला तरी वाटा?"

डॉक्टरीणबाईंना होडीचं काही कळेना. मला कळलं. मी म्हटलं, "सोनाबाई, जाळ्याचा वाटा कुणाला जातो गं?"

"ज्याचा जाला त्याला."

"तो होडीवर नसला तरी?"

"घरी झोपला असला तरी. त्याचा सूत लागलाय ना जाल्याला." आणि बोलता बोलता ती थांबली. दयारामकडं वळली. "दर पगाराला कापत होते ते काय होता वो? सूतच ना? तुमचा जाला पान्यात हाय, आन तुमी ट्रंकेत कार्ड घालून बसलाव! इतकी वर्सं तुमचा वाटा किनाऱ्यावर पडून हाय!"

दुसऱ्याचा वाटा तिच्यानं उचलवत नव्हता. पण आपल्या माणसाचा वाटा बेवारशी पडलेला तिला क्षणभर सोसवेना. मघाशी कॉटवर आडवी असलेली बाई, तिला तिथल्या तिथं तळोज्याला जायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी दम दिला म्हणून दाब उतरेपर्यंत घरी थांबली.

ईएसआयच्या ऑफिसात निवृत्तीचा दाखला मागितला, म्हणून आम्ही तिघं कारखान्याच्या गेटवर गेलो. रखवालदार नवा पोरगा. "अपॉइंटमेंट आहे का?" म्हणाला.

"ह्यांची अपॉइंटमेंट तुज्या बापाच्या लग्नाच्या आदीची हाय," सोनाबाई म्हणाली. "आत सांग, बॉयलरवालं दयाराम आलंय."

आतून एक पिकलेल्या केसांचा सुपरवायझर धावत आला. दयारामच्या हाताखाली शिकलेला. त्यानं दयारामचे पाय धरले, चहा पाजला आणि दाखल्याची सोय केली. दयाराम परत येताना सबंध वाटेत एकच वाक्य बोलला, "बॉयलर नवा बसवलाय." पण ते तीनदा बोलला. ईएसआयच्या दवाखान्याचं काम व्हायला आणखी दोन-चार खेपा झाल्या, एकदा झेरॉक्स विसरली, एकदा साहेब जेवायला गेलेले. झालं पण. नियम बदलत असतात, आपापलं विचारून घ्यावं. विचारावं मात्र नक्की, दयारामसारखं ट्रंकेला कुलूप लावून बसू नये.

परवा मार्केटात गेलो. यासीनभाई ओट्यासमोर उभा. सोनाबाई त्याला म्हणत होती, "त्या दिवशी तुला बोलले ना, त्याचा हा वाटा. पैशे नकोत."

"मावशी, घरी बायको विचारंल फुकट कुठून आणलंत."

"सांग, मावशीनं तोबा केली म्हनून."

मी डब्यांतल्या गोळ्यांचं काय झालं म्हणून विचारलं. तर म्हणाली, आता दोघांची पाकिटं वेगवेगळी, भिंतीवर दोन खिळ्यांना दोन पिशव्या. तरी रविवारी संध्याकाळी दयाराम आपला भिंतीकडं तोंड करून बसलाच.

"कशाला फिरलाव? आता वाटे नायत," ती त्याला म्हणाली.

"सवय झाली."

मग तिनंही त्याच्या समाधानासाठी पाटावर दोन गोळ्या ठेवल्या. "ह्यो कोनाचा?"

"तुजा."

"आन ह्यो?"

"माजा."

"मंग फिरा इकडं," सोनाबाई म्हणाली, "आन माज्या देकत गिला. मी बी तुमच्या देकत गिलते."

आता रोज असंच चालतं. तोंड उघडून एकमेकांना दाखवतात म्हणे, शाळेतल्या पोरांसारखं.

सांगता सांगता तिचा हात मांदेलीवर चाललाच होता. मी पिशवी पुढं केली आणि न बघता एका वाट्याकडं बोट दाखवलं.